पोरगा रोज चीजबर्गर खातोय आणि घरात महाभारत चाललंय

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १५ वर्षांचा आहे, हायस्कूलच्या टीममधून सॉकर खेळतो. आठवड्यातून चार-पाच दिवस प्रॅक्टिस असते आणि येताना मित्राच्या मोठ्या भावाच्या गाडीतून सगळी गँग ड्राइव्ह-थ्रूला जाते, तिथे हा डबल चीजबर्गरचं मील खातो, म्हणजे फ्राइज आणि कोकसकट. घरी आल्यावर एक पोळी कशीबशी, भाजीला हात लावत नाही. मी शाकाहारी आहे पण अंडं खाते, नवरा सगळं खातो. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना परवा कळलं की त्यात बीफ असतं, तेव्हापासून धड जेवत नाहीत, म्हणतात पोराला विष घालताय. नवरा म्हणतो प्रोटीन आहे त्यात, खेळतोय ना, खाऊ दे. सासऱ्यांची बायपास ५२ व्या वर्षी झाली होती म्हणून मला वेगळीच भीती वाटते. मुलगा म्हणतो तुमच्या वडापावपेक्षा माझा बर्गर हेल्दी आहे. सासूबाईंना शुगर आहे, कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्यांच्यासमोर रोज हा तमाशा नको वाटतो. चीजबर्गरमध्ये खरंच काही पोषण असतं का नुसता कचरा? एकदा काय ते सांगा. - वैतागलेली आई"

अगं, तुझ्या घरात एका बर्गरच्या नावाखाली तीन भांडणं चाललीयेत. एक बीफचं, एक हार्टचं आणि एक पोरगा घरचं जेवत नाही याचं. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत आणि तुम्ही सगळे ती एकत्र कालवून बसलाय, म्हणून सासूबाई बोलतात एक, नवरा उत्तर देतो दुसऱ्याच गोष्टीचं, आणि पोरगा तिसरीकडेच फ्राइज खातोय.

बीफचं आधी उरकते कारण त्यात माझ्या विषयाचं, म्हणजे पोषणाचं, फारसं काही नाहीये. सासूबाईंना वाईट वाटलंय ते खरं आहे, आयुष्यभराची श्रद्धा आहे, त्यावर कॅलरीचे आकडे फेकून काही होणार नाही आणि करूही नये. पण त्यांनाही कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं की आई, तुम्हाला हे आवडत नाही, सहन होत नाही, असं सरळ म्हणा, आम्ही ऐकू, पण विष म्हणू नका. कारण विष म्हटलं की पोरगा गूगल करतो, त्याला दिसतं की विष नाहीये, आणि मग आजीची बाकीची सगळी वाक्यंही त्याच्या लेखी खोटी ठरतात. हे सांगायचं काम तुझं नाही हं, तुझ्या नवऱ्याचं आहे, त्याची आई आहे. आणि आजी आहे तोवर घरच्या गॅसवर बीफ शिजणार नाही एवढा नियम करून टाका, पोराला त्याने काही फरक पडत नाही, बाहेर खातोच आहे, पण आजीला बरं वाटेल. चिकन किंवा टर्कीचा बर्गर चालत असेल तर तो वेगळा विषय, त्यावर खाली येतेच.

आता बर्गर. कचरा नाहीये तो, हे आधी स्पष्ट सांगते म्हणजे नवरा खूश होईल, त्याला दोन मिनिटं खूश राहू दे.

मॅकडोनाल्ड्सचा साधा चीजबर्गर घेऊया, डबल नाही, सिंगल, कारण त्याचे आकडे कंपनीने छापलेले आहेत आणि सगळ्यांना माहितीतला आहे. साधारण ३०० कॅलरी, १५ ग्रॅम प्रोटीन, १३ ग्रॅम फॅट आणि त्यातलं ६ ग्रॅम सॅच्युरेटेड (तूप-लोण्यात असतं तसं घट्ट फॅट), ३२ ग्रॅम कार्ब्ज, फायबर फक्त २ ग्रॅम, सोडियम ७२० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातली पॅटी बघितलीस तर एवढीशी असते, एका पौंडात दहा बसतात, म्हणजे कच्च्या मांसाचे ४५ ग्रॅम. लोकांना वाटतं बर्गर म्हणजे मांसाचा डोंगर, या छोट्या बर्गरमध्ये तसं काही नसतं, बन जास्त असतो.

पण त्या एवढ्याशा पॅटीत ऐवज आहे. प्रोटीन पूर्ण दर्जाचं, म्हणजे शरीराला बाहेरून लागणारी सगळी अमायनो आम्लं त्यात आहेत. व्हिटॅमिन बी-१२ दिवसाच्या गरजेच्या साधारण चाळीस टक्के एका सिंगल बर्गरमध्ये मिळून जातं. झिंक, जे वाढत्या वयात लागतं आणि आपल्या पोळी-भाजीतून नीट शोषलं जात नाही, तेही १५ वर्षांच्या मुलाच्या गरजेच्या पाचवा हिस्सा तरी मिळतं. लोहाची गंमत अशी की नुसता आकडा बघितला तर मांसापेक्षा बनमधलं लोह जास्त भरतं, कारण अमेरिकेत बनसाठी वापरतात तो मैदा बहुतेक एनरिच्ड असतो, त्यात लोह आणि बी गटातली व्हिटॅमिन्स घातलेली असतात, १९९८ पासून फोलिक ॲसिड पण. फक्त मांसातलं लोह शरीर जास्त सहज उचलतं, मैद्यात घातलेलं तेवढं नाही. तरी सांगायचं काय तर ज्या बनला आपण मैदा मैदा म्हणून नाकं मुरडतो तो इथे अगदीच पोकळ नसतो.

चीजचं काय? ती पिवळी चौकोनी स्लाइस म्हणजे अमेरिकन चीज, खरं चीज वितळवून त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालून बनवतात, म्हणून ते गरम झाल्यावर तूप सुटल्यासारखं फाटत नाही, छान पसरतं. जेम्स क्राफ्टने प्रोसेस चीजचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं, म्हणजे शंभर वर्षांहून जुनं प्रकरण आहे, प्लास्टिक वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते सोडून दे. एका स्लाइसमध्ये ६०-७० कॅलरी, थोडं प्रोटीन, कॅल्शियम साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंत ब्रँडप्रमाणे. पण मीठ भरपूर. तेवढ्याच वजनाच्या चेडरमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास सोडियम असतं आणि प्रोटीन जास्त असतं, त्यामुळे घरी करशील तेव्हा चेडर घे.

मिठाचा विषय निघालाच आहे तर सांगते, लोकांना वाटतं मांसामुळे बर्गर खारट. नाही गं. चार औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, कच्च्या बीफमध्ये नैसर्गिक सोडियम जेमतेम ७५ मिलिग्रॅम असतं. बाकीचं सगळं चीज, बन, पिकल्स, केचप, मस्टर्ड आणि वरून मारलेलं मीठ. चौदा वर्षांपुढच्या माणसाला दिवसाला २३०० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, गाइडलाइन्स सांगतात, जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसांना २००० च्या आत म्हणते. २३०० म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ, सगळं धरून, दिवसभराचं.

आता खरा हिशोब, कारण तुझा पोरगा सिंगल चीजबर्गर खातच नाहीये, तो मील खातोय. डबल चीजबर्गर साधारण ४५० कॅलरी, प्रोटीन २५ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ११ ग्रॅम, सोडियम ११०० च्या वर. मीडियम फ्राइज ३२०. मीडियम कोक दोनशेच्या वर. झाले हजाराच्या आसपास. आणि त्या कोकमध्ये साखर बघ, १२ औंसाच्या साध्या कॅनमध्येच ३९ ग्रॅम असते, ड्राइव्ह-थ्रूचा मीडियम कप त्याहून मोठा, बर्फ धरूनही पन्नास ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे बारा-तेरा छोटे चमचे साखर. अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एका कपात दोन दिवसांचा कोटा संपला आणि त्याबद्दल तुमच्या घरात अजून एक शब्द कुणी काढला नाहीये! सगळे बीफवर तुटून पडलेत. कोकला काही जात-धर्म नाही म्हणून तो सुटलाय.

म्हणून मला विचारशील तर या भांडणात आरोपी चुकीचा पकडलाय. बर्गर हे जेवण आहे, त्यात दोष आहेत पण जेवण आहे. सोबत येणारा लवाजमा, फ्राइज आणि कोक, तो निम्म्याहून जास्त कॅलरी आणतो आणि प्रोटीन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तोच पोरगा दोन सिंगल चीजबर्गर आणि पाणी घेईल तर ६०० कॅलरीत ३० ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे मीलइतकंच प्रोटीन, कॅलरी चारशेने कमी. मिठात मात्र काही बचत नाही हं, ते तेवढंच राहतं, फुकट काही मिळत नाही. आणि एक सिंगल बर्गर आणि दुधाची छोटी बाटली घेतली, बऱ्याच ठिकाणी लहान मुलांच्या मेनूत एक टक्का फॅटवालं दूध मिळतं, तर साधारण ४०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रोटीन, शिवाय दुधातलं ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. १५ वर्षांच्या मुलाला कॅल्शियम १३०० मिलिग्रॅम लागतं दिवसाला, ते काय नुसत्या पोळीतून येणार आहे? मित्रांसमोर दूध मागायला लाजेल हे मला माहितीये, चॉकलेट मिल्क घेऊ दे मग, साखर असते त्यात पण कोकपेक्षा कमी आणि बरोबर प्रोटीन तरी येतं.

खेळाडू आहे हा मुद्दा नवऱ्याचा अर्धा बरोबर आहे. १५ वर्षांचा ॲक्टिव्ह मुलगा दिवसाला ३००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतो, तेवढी त्याला लागतातही, त्यामुळे हजार कॅलरीचं मील ऐकून घाबरू नको, तो जाडा आहे असं तू कुठे लिहिलेलं नाहीस. प्रॅक्टिसमध्ये घाम जातो, थोडं मीठ त्याला खपूनही जातं. खेळून आल्यावर १५-२० ग्रॅम प्रोटीन आणि थोडे कार्ब्ज मिळाले की काम होतं, आणि ते एका सिंगल चीजबर्गरमध्ये जवळजवळ आहे. दुसऱ्या पॅटीची गरज स्नायूंना नाही, ती जिभेची आहे. तुझा नवरा मात्र जर पोराबरोबर सोफ्यावर बसून तेच मील खात असेल, तर त्याला ना प्रॅक्टिस आहे ना घाम, आणि त्याच्या वडिलांची बायपास ५२ व्या वर्षी झालीये. बघ जरा.

आणि आता ते हार्टचं, जे मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तू एका ओळीत उरकलंस. सॅच्युरेटेड फॅट दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं सांगतात, तुझ्या पोराच्या हिशोबाने साधारण ३० ग्रॅम. एका डबल बर्गरमध्ये ११. एखाद दिवशी काहीच नाही, पण आठवड्यात पाच दिवस, वरून घरचं साजूक तूप, पनीर, आठवड्याच्या शेवटी पिझ्झा, असं ते साठत जातं. त्यात आपण दक्षिण आशियाई, बारीक दिसत असलो तरी शुगर आणि हार्ट आपल्याकडे लवकर येतात, इथल्या हार्टच्या डॉक्टरांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून चक्क लिहिलाय. आजोबांना ५५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर ती लवकरची फॅमिली हिस्टरी धरतात. इथे सगळ्या मुलांचं कोलेस्टेरॉल एकदा ९ ते ११ वयात आणि एकदा १७ ते २१ मध्ये तपासायला सांगतात, पण अशी हिस्टरी असेल तर मधल्या वयातही तपासतात. तर पोराच्या पीडियाट्रिशियनला फोन कर, आजोबांचं वय आणि बायपास स्पष्ट सांग, आणि लिपिड पॅनल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करायचं का विचार. ९-१० व्या वर्षी केलेला रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर तोही काढ. त्या एका रिपोर्टवरून या वादातलं निम्मं ठरेल, मी इथून कितीही लिहिलं तरी तेवढं ठरणार नाही. नवऱ्याने स्वतःचंही करून घ्यावं, तो तर पोरापेक्षा एक पिढी जवळ आहे बायपासच्या.

कॅन्सरचं कुणीतरी काढेलच घरात म्हणून एवढंच सांगते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे बेकन, सॉसेज, हॉट डॉग, सलामी वगैरे, पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का, आणि रेड मीट त्याच्या खालच्या, बहुधा कॅन्सरकारक अशा गटात. साधी बीफची पॅटी नुसती खिमा करून भाजलेली असते, ती प्रोसेस्डमध्ये धरत नाहीत, रेड मीटमध्ये धरतात. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला शिजवलेलं रेड मीट ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे नको म्हणतं. तुझ्या पोराच्या छोट्या छोट्या पॅट्या मोजल्या तर पाच डबल बर्गरचं शिजलेलं मांस सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तो अजून मर्यादेतच आहे, मलाही हिशोब करताना जरा नवल वाटलं. पण त्यात घरचं मटण आणि खिमा धरलेला नाही, आणि बेकनवाला बर्गर घेत असेल तर बेकन आधी बंद करायला सांग, बाकी सगळ्याच्या आधी.

आता वडापाव. पोरगा हुशार आहे, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तळलेला बटाटा, वर बेसनाचं आवरण, तेही तळलेलं, आणि सगळं पावात, कॅलरी बघितल्या तर आकाराप्रमाणे तीनशेच्या आसपासच जातो, प्रोटीन मात्र चीजबर्गरच्या निम्मंसुद्धा असेल नसेल आणि बी-१२ शून्य. तर सिंगल बर्गर विरुद्ध एक वडापाव अशी मॅच लावली तर पोषणाच्या बाजूने बर्गर जिंकतो. पण त्याला विचार, वडापावबरोबर कुणी मोठा पेला कोक आणि प्लेटभर भजी मील म्हणून कंपल्सरी देतं का? आणि आजी काही आठवड्यात पाच दिवस वडापाव खात नाहीत. तुलना करायची तर घरच्या ताटाशी कर, तिथे मजा आहे.

दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडा भात, भाजी, वाटीभर दही. या ताटात प्रोटीन सिंगल चीजबर्गरच्या बरोबरीने किंवा थोडं जास्तच भरतं, फायबर चार-पाच पट आणि भाज्या-कोशिंबिरीतून पोटॅशियम आणि व्हिटॅमिन सी, जे बर्गरमध्ये नावाला असतं. म्हणजे ताट भक्कम आहे. पण ते सगळं ताट खाल्लं तर! तुझा पोरगा एक पोळी खातोय, त्यातून मिळालं तीन ग्रॅम प्रोटीन. आणि खरं सांगू, रागावू नको, आपल्याकडे वरण इतकं पातळ करतात की वाटीच्या तळाचं डिझाइन दिसतं, मग पोरं सतरा वेळा फ्रिज उघडतात आणि आपण म्हणतो काय हावरट झालाय. त्याला भूक खरी लागते. बाहेर त्याला दहा मिनिटांत २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि घरी फ्लॉवरची भाजी. त्याच्या जागी तू असतीस तर?

त्यामुळे बर्गर बंद करू नको, बंद केलंस तर गाडीत बसून खाईल आणि तुला सांगणार नाही, आत्ता निदान सांगतोय. आठवड्यात पाचचे दोन कर, ते दोन त्याच्या मनासारखे, फक्त कोकच्या जागी दूध किंवा पाणी, आणि फ्राइज छोटे किंवा मित्राबरोबर वाटून. मेनूबोर्डवर कॅलरी लिहिलेल्या असतात, वीस किंवा जास्त शाखा असलेल्या चेनना २०१८ पासून ते सक्तीचं आहे, त्याला म्हण तूच वाच आणि तूच ठरव, या वयात स्वतः ठरवलेलं टिकतं. सोडियम बोर्डवर नसतं पण मागितलं तर दाखवावं लागतं, वेबसाइटवरही असतं.

उरलेल्या तीन दिवशी प्रॅक्टिसहून आला की दारातच काहीतरी भरीव तयार पाहिजे, पावणेआठच्या पोळीची वाट बघायला लावू नको. दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट पावात चीज घालून, राजमा नाहीतर मटकीची घट्ट उसळ पावाबरोबर आणि वर दही, पनीर भुर्जीचा रोल, असं. अंडं तू खातेस म्हणजे स्वयंपाकघरात अडचण नाही. तो जाताना बॅगेत केळं आणि शेंगदाणा चिक्की टाक, प्रॅक्टिस संपताच ती खाल्ली की ड्राइव्ह-थ्रूपर्यंत पोचताना डबलचा सिंगल होतो आपोआप, हा माझा अनुभव आहे, बऱ्याच घरांत चाललाय.

आणि बर्गर घरीच हवा असेल तर मागच्या अंगणात गॅस ग्रिलवर नवऱ्याला करू दे, वेगळा तवा, वेगळं उलथनं, तुझं आणि सासूबाईंचं किचन शाबूत. टर्कीचा खिमा घ्या किंवा चिकनचा. सासूबाई परत गेल्यावर बीफ आणणार असाल तर पाकिटावरचे आकडे नीट वाचा. ८०/२० लिहिलेलं असतं ना, ते वजनाचं असतं, कॅलरीचं नाही, ऐकायला वीस टक्केच फॅट वाटतं पण कच्च्या ८०/२० मध्ये सत्तर टक्के कॅलरी फॅटमधून येतात. चार औंसाला २९० कॅलरी आणि १९ ग्रॅम प्रोटीन. तेच ९३/७ घेतलं तर १७० कॅलरी आणि प्रोटीन २३ च्या वर. कोरडं होतं जरा, मान्य आहे, म्हणून किसलेला कांदा आणि थोडं दही घालून मळायचं, आलं-लसूण-मिरची पण, पोरगा तक्रार करणार नाही. खिमा मात्र आतून पूर्ण शिजायलाच हवा, बीफला १६० फॅरनहाइट आणि टर्की-चिकनला १६५, स्वस्तातलं थर्मामीटर मिळतं ते घ्या. स्टेकचं, म्हणजे मांसाच्या अख्ख्या तुकड्याचं, तसं नसतं, तिथे जंतू बहुतेक वरवर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून गुलाबी बर्गर मुलांना अजिबात नको. वर चेडर, टोमॅटो, कांदा, कोबी बारीक चिरून भरपूर, बन होल व्हीटचा असला तर उत्तम, नसला तर नसू दे, बाकी सगळं बदलल्यावर एका बनवरून भांडू नको.

बाहेर मिळणाऱ्या व्हेज पॅटीबद्दल विचारलं नाहीस पण विचारशील. इम्पॉसिबल या ब्रँडच्या बिनमांसाच्या पॅटीत चार औंसाला १९ ग्रॅम प्रोटीन असतं, बी-१२ वरून घातलेलं असतं, म्हणून तुझ्यासारखीला बरी. पण सोडियम ३७० मिलिग्रॅम पॅटीतच, आणि खोबरेल तेलामुळे सॅच्युरेटेड फॅटही आहे. शाकाहारी आहे म्हणजे हलकं आहे असं समजून दोन खाऊ नको. आणि हॉटेलातल्या आलू टिक्कीवाल्या बर्गरला प्रोटीनवालं जेवण समजू नको, तो वडापावचा चुलतभाऊ आहे.

शेवटी एक गोष्ट जी तू विचारलीच नाहीस. तुझं पत्र वाचून मला पोराच्या पोषणाची जेवढी काळजी वाटली त्यापेक्षा जास्त तुझी आणि सासूबाईंची वाटली. पोराला बी-१२ भरपूर मिळतंय. तू शाकाहारी, सासूबाईंचं पत्रावरून दिसतंय की त्याही, आणि बी-१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी, दूध एवढ्यातच असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचं रक्त तपासलं होतं, त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं, म्हणजे हे आपल्या घराघरातलं आहे. त्यावर सासूबाईंना वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिन जास्त काळ घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं हे डॉक्टरांना माहीत असतं, पण तपासायचं राहून जातं. पायाला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, थकवा, विसरायला होतं, हे सगळं आपण शुगरवर आणि वयावर ढकलतो. त्यांना सहज विचार असं काही होतं का. गोळी स्वतःहून बंद करायची नाही हं, फक्त बी-१२ तपासायचं, कमी असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनने भरून निघतं.

व्हिजिटर इन्शुरन्समध्ये इथे रुटीन टेस्ट सहसा बसत नाहीत, त्यामुळे मुंग्या वगैरे काही नसेल तर साताऱ्याला गेल्यावर पहिल्या आठवड्यात करून घेऊ दे, आणि त्रास चालू असेल तर थांबू नका, खिशातून पैसे भरून इथेच करा. तुझं स्वतःचं बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) मात्र पुढच्या ॲन्युअल चेकअपला आठवणीने सांग, मागितल्याशिवाय ते बऱ्याचदा करत नाहीत.